संदर्भाचा सातबारा

गेल्या हिवाळ्यात एम.ए. इतिहासाचा एक विद्यार्थी लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण घेऊन आमच्या ग्रंथालयाच्या काउंटरवर आला. काटोलकडचा मुलगा, मेहनती. पहिलंच वाक्य होतं, 'नागपूरचा झिरो माइल हा भारताचा भौगोलिक केंद्रबिंदू आहे.' खाली संदर्भ म्हणून एका पर्यटन संकेतस्थळाचा पत्ता.

"हे कशावरून?" मी विचारलं.

"मॅडम, दहा साइटींवर हेच देऊन राहिले. चुकीचं असतं तर दहाही जणांनी कसं दिलं असतं?"

आम्ही त्या साइटी एकेक करून उघडल्या. बहुतेकांवर एकच परिच्छेद होता, शब्दाला शब्द. दोघातिघांनी तर शुद्धलेखनाची चूकसुद्धा तशीच उचलली होती. म्हणजे साक्षीदार दहा नव्हते. एक होता, आणि बाकीचे त्याचे प्रतिध्वनी.

मी त्याला म्हटलं, "उद्या तुझ्या बाबांना बेसा रोडला प्लॉट घ्यायचा आहे. दहा जण म्हणाले की टायटल एकदम क्लिअर आहे. घेतील?"

"नाही जी. सातबारा काढतील, फेरफार बघतील. लेआउट नागपूर सुधार प्रन्यासचं मंजूर आहे का, रिलीज लेटर मिळालं का, ते विचारतील."

"काहून?"

तो हसला. "दहाही जणांना सांगणारा दलाल एकच असू शकतो ना."

अभ्यासपूर्ण लेखनात संदर्भ तपासायचा तो याच पद्धतीने. मालक कोण, जमीन त्याच्याकडे आली कशी, मधल्या नोंदी कोणी केल्या आणि मूळ कागद कुठे आहे. पहिल्यांदा लघुप्रबंध, सेमिनार पेपर किंवा पीएचडीचा आराखडा लिहायला बसलेल्यांसाठी हीच पद्धत जरा सविस्तर सांगते.

आधी विधान, मग संदर्भ

बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. विषय मिळाला की तीस-चाळीस पीडीएफ उतरवून घ्यायच्या, फोल्डर भरायचं, आणि मग त्यातून काय लिहिता येईल ते बघायचं. असं केलं की हाती जे लागलं तेच खरं वाटू लागतं.

त्याऐवजी वहीत आपलं विधान लिहा आणि त्यासमोर लिहा की हे पटवायला कोणता पुरावा पुरेल. 'विदर्भात सिंचनाचा अनुशेष राहिला' या विधानाला आकडे लागतात, तेही कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या निकषावर मोजलेले, हे सांगणारे. त्यासाठी प्रादेशिक असमतोल तपासायला १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीचा अहवाल उघडावा लागेल, पुढे केळकर समितीचा. आंदोलनाचं पत्रक इथे चालणार नाही. पण विधान बदलून 'अनुशेषाच्या प्रश्नाकडे वेगळ्या विदर्भाची चळवळ कशी बघत होती' असं केलंत, की तेच पत्रक अव्वल पुरावा ठरतं आणि समितीचा अहवाल मागच्या बाकावर जातो.

म्हणून 'मॅडम, हा संदर्भ चांगला आहे का?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. कशासाठी चांगला, ते आधी सांगा.

मूळ, दुय्यम आणि उसनं

वर्गात शिकवतात ते असं: त्या काळातला दस्तऐवज, पत्र, जनगणना, मुलाखत, प्रयोगाची आकडेवारी हे मूळ साधन. त्यावर अभ्यासकाने केलेलं विवेचन हे दुय्यम. आणि कोश, गाइड, पाठ्यपुस्तक ही त्या विवेचनांची सारं. हे बरोबर आहे, फक्त या पाट्या वस्तूंना कायमच्या चिकटलेल्या नसतात.

नागपूर जिल्ह्याचं १९०८ चं गॅझेटिअर घ्या. भोसल्यांच्या राज्याबद्दल ते जे सांगतं ते दुय्यम, कारण राज्य जाऊन अर्धशतक उलटल्यावर ते लिहिलं गेलं. शिवाय लिहिणारं सरकार हे राज्य खालसा करणाऱ्यांचंच वारस. मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज अधिकारी इथल्या जातींबद्दल, पिकांबद्दल काय समजत होते, हा तुमचा प्रश्न असेल तर तेच गॅझेटिअर मूळ साधन होतं.

नागपूरचं राज्य खालसा झालं ते नेमकं कधी? एका पुस्तकात १८५३, दुसऱ्यात १८५४. विद्यार्थी घाबरतात आणि जे पुस्तक जाड असेल त्यावर विश्वास ठेवतात. खरं तर इथे कुणीच फारसं खोटं बोलत नाही. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. दत्तकाचा प्रश्न फेटाळून डलहौसीच्या सरकारने राज्य ताब्यात घेण्याचा निर्णय अमलात आणला तो १८५४ मध्ये. एक लेखक राजाच्या मृत्यूपासून मोजतो, दुसरा हुकमापासून. दोन संदर्भ भांडताना दिसले की आधी बघा, ते एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत का. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेल्यांसाठी दोघांच्या तळटीपा उघडा आणि कोण मूळ कागदाच्या जास्त जवळ गेलं ते पहा.

आणखी एक प्रकार वर्गात शिकवत नाहीत, पण आमच्याकडे येणाऱ्या प्रबंधांत तोच सर्वाधिक असतो: उसनं. 'नागपूर करारानुसार सहा आठवड्यांचं अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं' हे वाक्य मी किती प्रबंधांत वाचलं असेल, मोजदाद नाही. प्रत्येकाने ते आधीच्यातून घेतलेलं. विदर्भासह एक मराठी राज्य व्हावं म्हणून नेत्यांनी केलेला २८ सप्टेंबर १९५३ चा तो करार अगदी लहानसा आहे, एका चहात वाचून होतो. सरकारने ठरावीक काळ नागपुरात यावं आणि वर्षातून किमान एक अधिवेशन इथे व्हावं, हे त्यात आहे. सहा आठवडे हे शब्द त्यात आहेत का, ते करार उघडून स्वतः बघा. तसंच १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाचं. आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती हे सगळ्यांना पाठ असतं. कोणत्या कारणांनी केली, ते प्रकरण वाचलेला विद्यार्थी क्वचित भेटतो. लहान आणि सहज मिळणारा मूळ दस्तऐवज न वाचता त्याबद्दल लिहिणं, याला परीक्षकासमोर सबब नाही.

शोधायचं कुठे

पहिली जागा तुमच्या कॉलेजचा ग्रंथपाल. हे मी स्वतः ग्रंथपाल आहे म्हणून म्हणते असं समजा हवं तर. अनुदानित महाविद्यालयांना एन-लिस्ट या योजनेतून हजारो नियतकालिकं आणि लाखाहून जास्त ई-पुस्तकं मिळतात. लॉगिन ग्रंथपालच तयार करून देतो. दरवर्षी मी लॉगिन वाटते आणि दरवर्षी निम्मे कधी उघडलेच जात नाहीत. सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं त्यात आहेत. तुमची संस्था त्यात येते का, ते विचारून घ्या. चाळीस डॉलर मागणारा लेख कॉलेजच्या इंटरनेटवरून फुकट उघडतो, हे बऱ्याच जणांना शेवटच्या सेमिस्टरला कळतं.

मग शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेलं भारतीय प्रबंधांचं हे भांडार. आपल्या विषयावर आधी कोणी काय केलं ते इथे दिसतं, आणि हा तपास न करता विषय नोंदवू नये. पण प्रबंध शोधगंगेवर आहे म्हणून तो उत्तम, असं नाही. पीएचडी मिळाली एवढंच त्यावरून सिद्ध होतं. मी विद्यार्थ्यांना सांगते की प्रबंधाची शेवटची पंधरा-वीस पानं आधी वाचा. संदर्भसूचीत मूळ अहवाल, दप्तरं, नियतकालिकांतले लेख दिसले तर बाकीचं वाचायला घ्या. सगळी गाइडं आणि संकेतस्थळं दिसली तर मिटा.

अभ्यासलेख शोधून देणारं गुगल स्कॉलर वापरा, पण तिथे 'इतक्या वेळा उद्धृत' हा आकडा दिसतो त्याने दिपून जाऊ नका. चुकीचा निबंधही खोडून काढण्यासाठी शेकडो वेळा उद्धृत होतो.

नागपुरात राहण्याचा एक फायदा इथली मुलंच विसरतात. कापसावर लिहायचं असेल तर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्याकडे, संत्र्यावर लिहायचं तर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आपल्याकडे. मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय मुख्यालय अमरावती रोडला, पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी वर्धा रोडला, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालयही इथलंच. या संस्थांचे वार्षिक अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. तरीही संत्र्याच्या कोळशी रोगावर लिहिणारी मुलगी माझ्याकडे दिल्लीच्या कुठल्याशा बागकाम ब्लॉगचा संदर्भ घेऊन येते, तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही. मराठी साहित्यावर काम करणाऱ्यांनी झाशी राणी चौकातला विदर्भ साहित्य संघ गाठावा. संघ १९२३ पासूनचा आहे, आणि त्याच्या 'युगवाणी'चे जुने अंक चाळताना जे हाती लागतं ते कुठल्याही सर्च इंजिनात सापडत नाही.

पाच मिनिटांची चौकशी

संदर्भ मिळाला. तो वाचायला घेण्याआधी त्याच्याबद्दल बाहेर विचारा. लग्न ठरवताना आपण मुलाकडच्यांनी दिलेल्या बायोडाटावर थांबतो का? त्यांच्या गल्लीत चौकशी करतो. संकेतस्थळाचं 'आमच्याविषयी' हे पान म्हणजे बायोडाटाच. ते वाचून फारसं काही कळत नाही. नवी टॅब उघडा आणि लेखकाचं नाव शोधा: या विषयावर याचं आणखी काही काम आहे का, कुठल्या संस्थेत आहे, दुसरे अभ्यासक याचं नाव घेतात का. प्रकाशक शोधा. संस्थेला पैसा कुठून येतो ते शोधा. सिमेंट उद्योगाच्या पैशातून झालेला धुळीवरचा अभ्यास खोटाच असतो असं नाही, पण तो पैसा कुणाचा हे तुम्हाला माहीत असायला हवं आणि तुमच्या वाचकालाही.

मोठ्या नावालाही सवलत नाही. अर्थशास्त्रातला नामवंत माणूस गोंडांच्या इतिहासाबद्दल बोलतो तेव्हा तो तुमच्या-माझ्यासारखाच वाचक असतो.

तारीख बघा, पण 'जुनं म्हणजे टाकाऊ' असं समजू नका. औषधनिर्माणशास्त्रात दहा वर्षांपूर्वीचा निबंध शिळा ठरू शकतो. महानुभाव हस्तलिखितांवरचं सत्तर वर्षांपूर्वीचं काम आजही पहिलं वाचावं लागतं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आहे. तिथली संकल्पनांची मांडणी आणि नोंदीखालचे संदर्भ आजही कामाचे आहेत. लोकसंख्या, उत्पादन असे आकडे मात्र तिथून उचलू नयेत.

विज्ञान आणि वैद्यक शाखेच्या मुलांसाठी आणखी एक तपासणी आहे. निबंध छापून आल्यावरही मागे घेतला जातो. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा, अवघ्या बारा मुलांवरचा निबंध १९९८ साली 'लॅन्सेट'सारख्या नामांकित नियतकालिकात आला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्याची पीडीएफ मात्र अजून फिरते आहे. म्हणून निबंधाचा डीओआय, म्हणजे १० ने सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक, डीओआय डॉट ऑर्गवर टाकून प्रकाशकाच्या मूळ पानावर जा. निबंध मागे घेतला असेल तर तिथे ठळक लिहिलेलं असतं. 'रिट्रॅक्शन वॉच'ची यादीही फुकट शोधता येते. आणि डीओआय टाकल्यावर काहीच उघडत नसेल किंवा भलताच लेख उघडत असेल, तर तो निबंध बाजूला ठेवा.

नियतकालिकांचा बाजार

इथे जरा थांबते, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. मीही फसले आहे.

नोकरीला लागून दीड-दोन वर्षं झाली होती. एका 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय' नियतकालिकाचा ईमेल आला. लेख पाठवला, दोन दिवसांत स्वीकारल्याचं पत्र, सोबत बँकेचा खाते क्रमांक. अठराशे रुपये भरले. परीक्षकांचे शेरे काय, असं विचारलं तर उत्तर आलं की लेख इतका छान होता की शेरे लागलेच नाहीत. मला आनंद झाला! अंक आला तेव्हा माझं आडनाव चुकलेलं, आणि माझ्या ग्रंथालयावरच्या लेखाच्या अलीकडे मत्स्यपालन, पलीकडे जीएसटी. वर्ष-दोन वर्षांत ते संकेतस्थळच गायब झालं. तो लेख आता माझ्या बायोडाटात नाही.

खऱ्या नियतकालिकात पीअर रिव्ह्यू होतो. म्हणजे त्या विषयातले दोन-तीन जाणकार लेख वाचतात, शंका काढतात, सुधारणा मागतात. याला आठवडे लागतात, बहुधा महिने. 'अठ्ठेचाळीस तासांत प्रकाशन' ही जाहिरात दिसली की तिथे कोणी काही वाचत नाही, असं समजावं. प्रकाशनासाठी पैसे घेणं हे मात्र स्वतःहून वाईट लक्षण नाही. मुक्त प्रवेश देणारी अनेक प्रतिष्ठित नियतकालिकं लेखकाकडून शुल्क घेतात. परीक्षण न करता पैसे घेणं ही फसवणूक.

आयएसएसएन आहे म्हणून नियतकालिक अस्सल, हा समज तर आमच्या प्राध्यापकांतही आहे. आयएसएसएन हा आठ अंकी ओळख क्रमांक आहे, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. गाडी कोणती ते कळतं, चालवणारा कसा आहे ते नाही. उलट क्रमांक नसेल किंवा आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकल्यावर दुसरंच नाव येत असेल, तर मात्र सावध व्हा. प्रतिष्ठित नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक चोरून हुबेहूब बनावट संकेतस्थळ थाटणारेही आहेत. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातले लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा, त्याचंही तसंच: वजनदार नावाचा भलताच 'फॅक्टर' पहिल्या पानावर झळकत असेल तर तो कोण मोजतं ते शोधा. बहुधा मोजणारा आणि मोजून घेणारा शेजारीच बसलेले असतात.

'पण यूजीसीच्या यादीत आहे ना मॅडम!' या यादीची गोष्ट थोडक्यात अशी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, जुन्या मान्य यादीत इतकं काही घुसलं होतं की मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकली. त्यानंतर यूजीसी-केअर ही नवी यादी आली, तिची पहिली आवृत्ती २०१९ ची. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिकं पारखण्याची जबाबदारी निकष सुचवून संस्थांवर आणि संशोधकांवर टाकली. तेव्हा 'केअर लिस्टेड' असा शिक्का मिरवणारं नियतकालिक दिसलं, की तो शिक्का कधीचा हे आधी विचारा. यादी चालू असतानाही चांगल्या नियतकालिकांच्या नावाची नक्कल होत होतीच.

मग पारखायचं कसं? संपादक मंडळातली दोन नावं निवडा आणि ती माणसं ज्या विद्यापीठांत आहेत तिथल्या पानांवर जाऊन बघा, ती तिथे खरोखर आहेत का. मागचे चार-पाच अंक उघडा. तुमच्या विषयातला एक लेख सबंध वाचा. पद्धत सांगितली आहे का, तळटीपा खऱ्या पुस्तकांकडे जातात का. वनस्पतिशास्त्र, संस्कृत आणि सिव्हिल इंजिनिअरिंग एकाच अंकात नांदत असतील तर तो अंक वाचणारा संपादक कुठल्या विषयातला, हा प्रश्न पडायला हवा.

एक गोष्ट मात्र उलटीही सांगायला हवी. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींमध्ये नाही म्हणून मराठी नियतकालिक कमअस्सल ठरत नाही. ती व्यवस्था मुळात इंग्रजीभोवती उभी आहे. वर्षानुवर्षं निघणारी, संपादनाची शिस्त असलेली मराठी नियतकालिकं त्या यंत्रणेबाहेर आहेत, आणि मराठी समाजाबद्दलचे कितीतरी महत्त्वाचे वाद फक्त तिथेच छापलेले आहेत. तिथे लेखाची पारख लेख वाचूनच करावी लागते. मला विचाराल तर सगळीकडेच तशी करावी.

आकडा दिसला की

नागपूरची लोकसंख्या किती? २०११ च्या जनगणनेनुसार २४,०५,६६५. दुसरीकडे सुमारे २४ लाख ९८ हजार दिसेल, तिसरीकडे ४६,५३,५७०. तिन्ही बरोबर. पहिला महानगरपालिकेचा, दुसरा शहराला लागून वाढलेल्या भागासह, तिसरा अख्ख्या जिल्ह्याचा. आकड्यापुढे हद्द आणि वर्ष लिहिलं नाही तर तो निरुपयोगी असतो.

आणि '२०२१ च्या जनगणनेनुसार नागपूरची लोकसंख्या' असं कुठे वाचलंत तर तो लेख तिथेच बंद करा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आधी करोनामुळे पुढे ढकलली, आणि आता १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे. त्या नावाने फिरणारे आकडे फार तर अंदाज असतात, आणि अंदाज असेल तर कोणाचा आणि कशावरून, ते लिहावं लागतं. हे एक वाक्य मी प्रबंधांत चाळणीसारखं वापरते. ते सापडलं की बाकीचे आकडेही तपासायला काढते.

काही आकडे कधीच नक्की होत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर किती जणांनी धम्मदीक्षा घेतली? तीन लाखांपासून सहा लाखांपर्यंतचे आकडे वाचायला मिळतात. तिथे कोणी दारावर मोजत बसलं नव्हतं. अशा वेळी आपल्याला आवडेल तो आकडा उचलून ठामपणे लिहू नका. कोणी, कधी, कुठे किती म्हटलं, ते नावानिशी द्या. त्या दिवशी तिथे असलेल्या एखाद्या आजोबांची मुलाखत मिळाली, तर ते गर्दीचा आकडा म्हणून काय सांगतात त्याला महत्त्व नाही. गावाहून कसे आले, कुठे थांबले, परत गेल्यावर घरातले देव काय केले, हे दुसरं कोणीच सांगू शकणार नाही. मुलाखतीची तारीख, ठिकाण आणि परवानगी नोंदवून ठेवा.

वर्तमानपत्र, विकिपीडिया, चॅटबॉट

वर्तमानपत्र घटनेच्या तारखेसाठी, त्या वेळच्या प्रतिक्रियेसाठी उत्तम. 'संशोधनातून सिद्ध' अशी बातमी असेल तर बातमी उद्धृत करू नका, ते संशोधन शोधा. बहुतेकदा मूळ निबंधात 'शक्यता' असते आणि मथळ्यात 'सिद्ध'.

विकिपीडियाला शिव्या घालायची फॅशन आहे. मी रोज वापरते. लेखाच्या तळाशी असलेल्या संदर्भांसाठी वापरते, आणि तिथून पुढे मूळ साधनाकडे जाते. थेट उद्धृत मात्र करू नये. आज वाचलेलं वाक्य उद्या तिथे असेलच असं नाही.

चॅटबॉटचं वेगळं. तो तुम्हाला लेखक, वर्ष, नियतकालिक, पानं सगळं व्यवस्थित देतो, आणि त्यातला एखादा लेख जगात अस्तित्वातच नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. शोधशब्द सुचवायला, अवघड परिच्छेद समजून घ्यायला तो वापरा, हरकत नाही. पण त्याने दिलेला संदर्भ ग्रंथालयात किंवा डीओआयवर डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत उतरवायचा नाही. गेल्या वर्षी एका मुलीने माझ्याकडे असं एक पुस्तक मागितलं. तीन दिवस शोधलं मी. नव्हतंच ते.

वहीतल्या सवयी

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाचा फोटो घेऊ नका. आतलं शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू, या दोन पानांचा घ्या. प्रकाशक, आवृत्ती, वर्ष तिथे असतं. टिपण काढताना पान क्रमांक त्याच वेळी लिहा. 'नंतर लिहू' म्हणणारे सबमिशनच्या आदल्या आठवड्यात एका वाक्यासाठी चारशे पानं चाळताना मी पाहिले आहेत. लेखकाचे शब्द आणि आपले शब्द वेगळ्या रंगात ठेवा. वाङ्मयचौर्याबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, चाळीसच्या आत असेल तर सुधारून द्यावं लागतं, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. पण पकडली जाणारी बहुतेक मुलं चोर नसतात. कुठलं वाक्य कोणाचं, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं झालेलं असतं.

संकेतस्थळ पाहिल्याची तारीख लिहा आणि त्या पानाची पीडीएफ करून ठेवा. सरकारी संकेतस्थळांचे पत्ते फार बदलतात.

आणि जे वाचलं तेच उद्धृत करा. १८२७ च्या अहवालातलं वाक्य तुम्ही २००५ च्या पुस्तकात वाचलंत, तर '२००५ च्या पुस्तकात उद्धृत' असं लिहा. कमीपणा वाटायचं कारण नाही. परीक्षक तोंडी परीक्षेत नेमकं त्याच अहवालाचं पान विचारतो, असा माझा अनुभव आहे.

काटोलच्या त्या मुलाला मी झिरो माइलला पाठवलं. रोज बसमधून बघत होता, उतरून वाचलं कधीच नव्हतं. तो फोटो घेऊन आला: खांबावर वेगवेगळ्या गावांची अंतरं, आणि शेजारी १९०७ सालचं सर्वेक्षणाचं 'स्टँडर्ड बेंच मार्क'. बेंच मार्क म्हणजे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण. देशाचा मध्य कुठे आहे याच्याशी तिचा संबंध नाही. मग त्याचा त्यालाच प्रश्न पडला. १९०७ च्या हिंदुस्थानात ब्रह्मदेश होता, लाहोर होतं, ढाका होतं. त्या नकाशाचा मध्य आणि आजच्या नकाशाचा मध्य एकच कसा निघेल? शोधताना त्याला मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातलं करौंदी गावही सापडलं. देशाचा मध्य आपल्याकडे आहे असं तेही म्हणतात.

आता त्याचं वाक्य असं आहे: 'झिरो माइल येथे १९०७ चे सर्वेक्षण चिन्ह असून, हे ठिकाण भारताचा केंद्रबिंदू असल्याचे लोकप्रिय लेखनात म्हटले जाते.' मी त्यावर पेन्सिलीने लिहिलं, 'कोणी म्हटलं? सगळ्यात आधी कुठे छापलं?' तो सध्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली बघून राहिला आहे. १९६० पर्यंत मागे गेला आहे.